त्याज्य उष्णतेचा इतिहास : मुंबईचे गणकयंत्र आणि तारापूरची अणुभट्टी

यंत्रांनी काय निर्माण केले याची नोंद इतिहासात सविस्तर केली जाते. त्यांनी काय टाकून दिले याची नोंद क्वचितच होते. या टाकून दिलेल्या गोष्टींत उष्णतेचा वाटा फार मोठा आहे. गणकयंत्रांतून बाहेर पडणारी उष्णता पुन्हा कामास लावता येईल काय, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. महाराष्ट्रापुरता त्याचा विचार करावयाचा झाल्यास पालघर जिल्ह्यातील तारापूरचा अनुभव प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. कारण तोच प्रश्न तेथे अर्धशतकाहून अधिक काळ, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, उभा आहे.

भारतातील गणकयंत्र आणि अणुऊर्जा या दोन्ही विद्यांचा उगम एकाच संस्थेत झाला. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. नलिकेतील तंतू तापविल्याखेरीज इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. म्हणजे उष्णता ही त्या यंत्राच्या कार्याची अटच होती. गणिताचे उत्तर कागदावर उमटले, की यंत्राने घेतलेली जवळजवळ सर्व वीज उष्णतेच्या रूपाने खोलीत उरे. पुढे १९६१ मध्ये रोल्फ लँडॉवर यांनी असे दाखविले, की माहितीचा एक कण पुसण्यासाठीही ठराविक किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. ही मर्यादा अत्यंत सूक्ष्म आहे आणि प्रत्यक्षातील यंत्रे तिच्या कितीतरी पट उष्णता सोडतात. तथापि गणनेचे हे देणे पूर्णपणे चुकविता येत नाही, हे त्यावरून स्पष्ट झाले.

तारापूर येथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा करार १९६४ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तेथे व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती सुरू झाली. पश्चिम भारतातील विजेची वाढती मागणी, कोळशाच्या खाणींचे दूरत्व, मुबलक समुद्रजल आणि विरळ वस्ती या गोष्टी जागेच्या निवडीस अनुकूल होत्या. मूळ आराखड्याप्रमाणे प्रत्येक भट्टीत सुमारे ६६० मेगावॉट उष्णता निर्माण होई आणि तीतून सुमारे २१० मेगावॉट वीज मिळे. कालांतराने ही क्षमता १६० मेगावॉटवर आणण्यात आली. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या २००५ व २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. या चारही भट्ट्यांना एक गोष्ट समान आहे : निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे दोन तृतीयांश भाग संघनकातील थंड पाण्याबरोबर समुद्रास मिळतो.

येथे एक विसंगती सहज नजरेत भरते. केंद्रापासून थोड्याच अंतरावर बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहत आहे. तेथील रसायनांच्या व कापडाच्या कारखान्यांत वाफेसाठी बाष्पके पेटलेली असतात, आणि इकडे उष्णता समुद्रात जात असते. परंतु या विसंगतीचा दोष केवळ योजकांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. उष्णतेची किंमत तिच्या राशीवर ठरत नाही, तर तिच्या तापमानावर ठरते. कारखान्यास शंभर अंशांहून अधिक तापमानाची वाफ लागते. संघनकातून निघणारे पाणी समुद्राहून केवळ काही अंशांनी अधिक उष्ण असते. समुद्र २८ अंशांवर व सोडलेले पाणी ३८ अंशांवर आहे असे मानले, तरी कार्नोने १८२४ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार त्या उष्णतेतून तीन टक्क्यांच्या आसपासच कार्य मिळू शकेल. शिवाय उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून समुद्रजल वापरणाऱ्या नव्या औष्णिक केंद्रांना सात अंशांहून अधिक तापमानवाढ करण्यास मनाई आहे. पाणी जितके निरुपद्रवी, तितके ते निरुपयोगी!

तथापि दुसरा मार्गही त्याच काळात चोखाळला गेला होता. तारापूरचा करार झाला त्याच वर्षापासून, म्हणजे १९६४ पासून, स्वीडनमधील ऑगेस्टा येथील अणुभट्टी स्टॉकहोमच्या फार्स्टा या उपनगरातील घरांना उष्णता पुरवू लागली. हा क्रम १९७४ पर्यंत चालला. आज त्याच शहराच्या नळजालात गणनकेंद्रांची उष्णता विकत घेतली जाते. उष्णता घेणारा शेजारी तेथे आरंभापासूनच योजनेत होता. महाराष्ट्रातही तुर्भे येथे सायरस अणुभट्टीच्या त्याज्य उष्णतेवर, निर्वातात कमी तापमानास पाणी उकळवून, दिवसाला ३० घनमीटर गोडे पाणी तयार करणारे संयंत्र जोडण्यात आले होते. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली. पण कोमट उष्णतेचाही योग्य गिऱ्हाईक मिळाल्यास उपयोग होतो, हे तिने सिद्ध केले.

गणकयंत्रांची उष्णता याच जातीची आहे. झुरिकमध्ये २०१० साली ‘अ‍ॅक्वासार’ या महागणकास सुमारे ६० अंशांच्या पाण्याने थंड ठेवून त्याची उष्णता इमारतींस देण्यात आली. कोकणात घरे तापविण्याची गरज नाही. म्हणून युरोपचे अनुकरण येथे उपयोगी पडणार नाही. येथील गरजा निराळ्या आहेत. सातपाटी ते डहाणू या किनाऱ्यावर बोंबील वलांडीवर टांगून उन्हात सुकवितात. जून-जुलैची मासेमारीबंदी संपून होड्या समुद्रात जातात, तेव्हा पाऊस सरलेला नसतो आणि मासळी सुकत नाही. नव्वद टक्के आर्द्रतेची २७ अंशांची हवा ३५ अंशांपर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली येते. बाष्पकास निरुपयोगी असलेली उष्णता सुकवणीस अशी पुरेशी ठरते.

तारापूरच्या इतिहासाचे तात्पर्य एवढेच, की त्याज्य उष्णतेचा प्रश्न यंत्र चालू झाल्यावर सुटत नाही; तो जागा निवडताना सुटतो. अणुभट्टी वस्तीपासून दूर ठेवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक होते, आणि त्यामुळे तिच्या उष्णतेला समुद्राखेरीज शेजारी उरला नाही. गणनकेंद्रास असे दूरत्व पाळण्याचे कारण नाही. त्याच्या भिंतीलगत सुकवणीगृह किंवा जलशुद्धीचे संयंत्र उभे राहू शकते. आराखड्यात त्यांना जागा न दिल्यास मात्र ही उष्णताही वाऱ्यावर जाईल, आणि त्या वेळी निसर्गनियमाकडे बोट दाखविता येणार नाही.