वेताळ, वेतोबा आणि १५३६ सालचे चाचे

हल्लीच्या मुलांचे सुपरहिरो मोजायला हाताची बोटे पुरत नाहीत. आमच्या लहानपणी एकच होता, वेताळ! मूळ इंग्रजी नाव फँटम, पण ते आम्हाला फार उशिरा कळले. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढे मराठी अंक हाती येऊ लागले आणि एकेका अंकावर पाच-सहा डोकी एकदम वाकू लागली. अंगाला घट्ट बसलेला पोशाख, बुबुळे न दिसणारा मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. ठोसा बसला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा शिक्का. तो जन्मभर पुसला जात नाही म्हणे!

मी पुढे तीस-बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर हे अंक जमवून पुन्हा वाचले. वेताळ आजही आवडतो. पण इतिहासाच्या बाईंचा चष्मा लावून वाचले की काही गोष्टी टोचतात. त्याच आज लिहिते आहे.

आधी जन्मकथा. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३४ मध्ये जादूगार मँड्रेक आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वेताळ वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत आणला. सुपरमॅन आला १९३८ मध्ये, म्हणजे आमचा वेताळ दोन वर्षांनी थोरला. फॉकच्या मनात त्याचा पोशाख करडा होता. १९३९ मध्ये रविवारच्या रंगीत पानांवर तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. (इटलीत तो लाल, स्वीडनमध्ये निळा. छापखान्यापुढे लेखकाचे काय चालते!) त्याच्या अंगात दैवी शक्ती काही नाही. उडत नाही, अदृश्य होत नाही. त्याचे सारे बळ एका अफवेत आहे की हा कधी मरत नाही. खरे तर बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. हे वाचकाला माहीत असते, जंगलाला नाही. मला ही कल्पना उडणाऱ्या सुपरमॅनपेक्षा जास्त पटते. गादी चालते ती अशीच.

आता पहिल्या वेताळाकडे येऊ. १५३६ साली चाच्यांनी एक जहाज लुटले, सगळे मारले गेले, एकच गोरा तरुण वाहत किनाऱ्याला लागला. जंगलातल्या पिग्मी लोकांनी त्याला वाचवले. त्याने आपल्या बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर शपथ घेतली की मी आणि माझे वंशज चाचेगिरी आणि अन्याय निपटून काढू. सुरुवातीच्या कथांत हे जंगल हिंदुस्थानच्या आसपास कुठेतरी होते. नंतर फॉकने ते आफ्रिकेत नेले. देशाचे नाव बंगाला आणि चाच्यांच्या टोळीचे नाव चक्क सिंग! इंद्रजालच्या संपादकांनी भारतात छापताना बंगालाचे डेंकाली आणि सिंगचे सिंगा केले. शहाणी माणसे.

पण सालाला त्यांनी हात लावला नाही. आणि माझ्यासारखीला खटकते ते नेमके सालच. गोवा १५१० मध्येच पोर्तुगीजांकडे गेले होते. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई त्यांना दिली, पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधू दिला. त्या काळात अरबी समुद्रात जहाज न्यायचे तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. त्याला कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर जहाज जप्त, माल लुटलेला, माणसांचे हाल वेगळेच. समुद्र आपला, किनारा आपला आणि परवाना त्यांचा! मग १५३६ साली आमच्या किनाऱ्यावरचे चाचे कोण होते? गोष्टीत मात्र लुटारू पूर्वेकडचे आणि लुटला गेलेला बिचारा गोरा. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःचे दस्तक काढले आणि ते नसलेली जहाजे पकडली, तर इंग्रजांनी त्यांनाच चाचा ठरवले. वर्गात कार्ताझ शिकवताना मी वेताळाची ही गोष्ट सांगत असे. मागच्या बाकांवरचीसुद्धा जागी व्हायची.

दुसरे टोचणे याहून मोठे. चारशे वर्षे एक गोरे घराणे कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसून काळ्या लोकांचे न्यायनिवाडे करते, आणि ते लोक त्याला देव समजून वागतात. आम्ही हे वाचत होतो त्याच वर्षांत आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. फॉकला याची जाण नव्हती असे नाही. साठच्या दशकात त्याने लुआगा हा लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष आणला, त्याला उलथू पाहणारा सेनापती बबाबू आणला, आणि वेताळाला लोकशाहीच्या बाजूने उभे केले. डायनालाही संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी दिली, नुसती वाचवून घेणारी नायिका ठेवली नाही. हे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. तरी सिंहासन गेले नाही ते नाहीच.

माझ्या नातवाचा आवडता ब्लॅक पँथर मला म्हणूनच आवडला. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी तो १९६६ मध्ये आणला, इंद्रजालनंतर दोनच वर्षांनी. चित्रपट आला २०१८ मध्ये. तोही वडिलांकडून मुलाकडे येणारा मुखवटा, तेही आफ्रिकेतले राज्य. फरक एवढाच की मुखवट्याआडचा माणूस तिथलाच आहे. (आपल्या दलित पँथरचा या कॉमिकशी संबंध नाही बरे. ती संघटना १९७२ ची, आणि नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून.)

मग एवढे सगळे असून आम्हाला वेताळ परका का वाटला नाही? मला वाटते ही करामत नावाची. माझे आजोळ वेंगुर्ला तालुक्यातले. तिथे आरवलीचा वेतोबा आहे. तो गावाचा राखणदार. रात्री शिवेवर फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात आणि केळ्यांचा नैवेद्य दाखवतात. आजी तिन्हीसांजेनंतर म्हणायची, "बाहेर जाऊ नकोस गो, वेतोबाची फेरी असते." फॉकच्या नायकालाही जंगलातले लोक चालते भूत म्हणतात. आमच्या मनात दोन्ही एकच झाले, यात नवल ते काय?

घाटावरच्या मुलांचा वेताळ थोडा वेगळा, पोथीतला. सोमदेवाच्या कथासरित्सागरातला, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालणारा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये वेताळपंचविशी मराठीत आणली. माझ्या पिढीने तो चांदोबात वाचला. म्हणजे कॉमिकमधला वेताळ आला तेव्हा ओळख करून द्यावी लागलीच नाही. बंगालीत याच नायकाला अरण्यदेव म्हणतात. नाव गोड आहे, पण त्यात देवत्व आले, म्हणजे पुन्हा सिंहासनच. वेताळ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो रात्रपाळीचा राखणदार. सिंहासनावरून उठवून त्याला शिवेवर फिरायला लावले ते मराठीने, आणि माझ्या मते हे मूळ लेखकापेक्षा सरस काम झाले.

इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद पडले. माझ्याकडे एकोणीस मराठी अंक आहेत, त्यातल्या चारांना मुखपृष्ठ नाही. नातेवाइकांपैकी कुणाच्या माळ्यावर गठ्ठे असतील तर रद्दीत घालू नका, गणपतीला येताना घेऊन या. वाळवी लागलेले असले तरी चालतील.