फ्लॉरेन्सचा एक दिवस आणि कोल्हापूरची छत्री

आर्नो नदीकाठचे फ्लॉरेन्स हे इटलीतील टस्कनी प्रांताचे मुख्य शहर. सांता मारिया नोव्हेला रेल्वे स्थानकापासून जुने शहर पायीच पाहावे; मोटारींना तेथे प्रवेश मर्यादित आहे. कॅथीड्रलवरील ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला (१४३६) ४६३ पायऱ्या असून चढण्याची वेळ आगाऊ आरक्षित करावी लागते. उफिझी कलादालन सोमवारी बंद असते. पोन्ते व्हेक्क्यो या १३४५ च्या पुलावर एके काळी खाटकांची दुकाने होती. १५९३ च्या आदेशाने त्यांच्या जागी सोनार आले.

मराठी प्रवाशाने दुपार मात्र कास्चिने उद्यानासाठी राखावी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडहून मायदेशी परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात निवर्तले. वय अवघे वीस. इटलीत तेव्हा दहनाची रीत नव्हती. विशेष परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांना अग्नी देण्यात आला; नदीकाठच्या अंत्यसंस्काराची प्रथा परमुलखातही सुटली नाही. १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली. तिच्याखालील महाराजांचा रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. शेजारच्या आधुनिक पुलाच्या नावातही ‘इंडियानो’, म्हणजे भारतीय, हा शब्द रुजला आहे.

टी-१ ट्राम उद्यानाच्या पूर्वेकडील टोकाला सोडते, तर छत्री पश्चिम टोकाला आहे. मधले अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, सपाट आणि झाडीचे. परतीची वाटही तेवढीच असल्याने ऊन कलण्यापूर्वी निघावे.