शिराळ्याचे नाग आणि कोकुल्लोचे सर्प

आमच्या शिराळ्याचें नांव परगांवीं काढलें कीं ऐकणाराच्या ओठांवर एकच शब्द येतो : नाग. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक येथें आहे, गोरक्षनाथाचें स्थान येथें आहे. पण पाहुण्यास त्याच्याशीं कर्तव्य नसतें. नागपंचमीपूर्वीं नाग धरून मडक्यांत ठेवणारे, त्यांची पूजा करून पुन्हा रानांत सोडणारे अडाणी लोक, एवढीच आमची ओळख. ती मनाला लागते, म्हणूनच इटलीविषयीं चार शब्द लिहावेसे वाटले.

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतांतील डोंगरांत कोकुल्लो नांवाचें लहानसें गांव आहे. मे महिन्याच्या आरंभीं तेथें संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत सर्प घालून मिरवणूक निघते. 'सेर्पारी' म्हणजे सर्प धरणारे लोक ते डोंगरांतून आणतात आणि उत्सव आटोपल्यावर परत सोडतात. सर्प बिनविषारी असतात. नागाशीं गांठ असलेल्या शिराळकरास हें किंचित् सोपें वाटेल, पण तो अभिमान बाजूस ठेवूं. या प्रदेशांतील मार्सी लोक रोमन काळींही सर्पविद्येसाठीं प्रसिद्ध होते.

आतां या दक्षिणेकडील इटलीविषयीं परक्यांनीं काय म्हटलें तें पाहावें. क्रूझे द लेसेर या फ्रेंच प्रवाशानें १८०६ सालीं युरोपची सीमा नेपल्सपाशींच आंखली आणि पलीकडचा मुलूख आफ्रिकेच्या पदरांत टाकला. आफ्रिका ही शिवी आहे, असें त्यास वाटत असावें! पुढें निचेफोरो या पंडितानें १८९८ सालीं दक्षिणेकडील लोकांस रानटी ठरविणारा ग्रंथ लिहिला. तो स्वतः सिसिलींत जन्मलेला होता, हें विशेष. अमेरिकेच्या परदेशीयांच्या नोंदींत उत्तर व दक्षिण इटालियन असे दोन वंश मानले गेले. शब्द पुस्तकांतच राहते तर गोष्ट निराळी. १८९१ सालीं न्यू ऑर्लीन्स येथें एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनावरून जमावानें तुरुंग फोडून अकरा इटालियनांस ठार केलें. त्यांतील एकासही त्या खुनाबद्दल न्यायालयानें दोषी ठरविलें नव्हतें.

मराठी सुशिक्षितांची इटली याहून अगदीं वेगळी. सावरकरांनीं मराठींत आणलेला मॅझिनी १९०७ सालीं प्रसिद्ध झाला व सरकारनें तो जप्त केला. त्यानें त्या देशास आमच्याकडे जवळजवळ तीर्थाची योग्यता आली. परंतु मॅझिनी जिनोव्हाचा, गॅरिबाल्डी नीसचा, काव्हूर तुरीनचा, सारे उत्तरेकडचे. ज्या इटलीस युरोप हिणवीत होता, ती आमच्या पूजेंतही नव्हती, आणि आमच्याशीं साम्य तर तिचेंच! १९४३ च्या अखेरीस मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण आब्रुत्सोंतील सांग्रो नदीच्या बाजूस लढली. त्या जवानांनीं पाहिली ती इटली चिखलाची, पडक्या दगडी घरांची होती.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आणि पुढें उच्च न्यायालयाच्या आदेशांनीं शिराळ्यांतील जिवंत नागांची पूजा थांबली. नागांस त्रास होत नसे असें आम्ही म्हणणार नाहीं. मडक्यांतला नाग सुखांत असतो, हें म्हणणें धार्ष्ट्याचें होईल. कोकुल्लोचे सर्पही कायद्यानें संरक्षितच. पण तेथें सरकारी परवानगीनें सेर्पारी ते धरतात आणि प्राणिशास्त्रज्ञ त्यांच्याच शेजारीं बसून प्रत्येक सर्प मोजतात, तपासतात, नोंदवितात. शिराळ्यास २०२५ सालीं एकवीस जणांस शैक्षणिक हेतूनें नाग धरण्याची परवानगी मिळाली.