तळटीप : फाइल डिस्क्रिप्टरवर पाळत

* लेखकाने इथे नुसतेच ‘सिलेक्ट’ म्हटले आहे. हा सिस्टिम कॉल १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्समधला. प्रोग्रॅमने उघडलेल्या प्रत्येक सॉकेटला, पाइपला कर्नल एक लहानसा पूर्णांक देते. तोच फाइल डिस्क्रिप्टर. इव्हेंट लूप असे अनेक क्रमांक कर्नलवर सोपवून झोपतो आणि एखाद्यावर डेटा आला किंवा लिहिण्यापुरता बफर मोकळा झाला की उठतो. सिलेक्टची अडचण अशी, की दर फेरीला अख्खी यादी नव्याने द्यावी लागते, ती पहिल्यापासून तपासली जाते, आणि लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीच्या नेहमीच्या व्याख्येत १०२३च्या पुढचा क्रमांक तीत बसतच नाही. पुढे आलेल्या ‘ईपोल’मध्ये यादी कर्नलकडेच राहते; परत येतात ते फक्त तयार झालेले क्रमांक.

मात्र लेखकाचे ‘कोणतीही फाइल’ हे शब्द सैल आहेत (चांगल्या पाठ्यपुस्तकांतही ते आढळतात). डिस्कवरची साधी फाइल सिलेक्टच्या लेखी सदैव तयारच, मग प्रत्यक्ष वाचताना डिस्क कितीही रखडवो. ईपोल तर ती नोंदवूनच घेत नाही, ‘ईपर्म’ ही त्रुटी देतो. म्हणून नोड.जेएसच्या पोटातली लिबयूव्ही ही लायब्ररी फाइलींची कामे वेगळ्या थ्रेड्सकडे देते. मुळात ते चार असतात. — संपा.