हुंड्याचे इंग्रजी नाव

कर्जतच्या घरी इंग्रजी माहितीपट पाहत मी शब्द टिपत होतो. पहिला शब्द ‘एअरेस’, म्हणजे धनिकाची वारस लेक. स्पेलिंगमधल्या ‘एच’चा उच्चारच नाही! दुसरा ‘सेटलमेंट’, म्हणजे लग्नातला पैशांचा करार.

१८९५ साली अमेरिकन रेल्वेमालकाची कन्या कॉन्स्वेलो व्हँडरबिल्ट मार्लबरोच्या ड्यूकला दिली गेली. सोबत २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर! आम्हा कर्जतकरांना रेल्वेचे अप्रूप नाही. पण हुंड्यात रेल्वे? त्याच वर्षी शिकागोच्या व्यापाऱ्याची कन्या मेरी लायटर कर्झनसाहेबांची पत्नी झाली आणि पुढे व्हाइसरीन म्हणून हिंदुस्थानात आली.

कॉन्स्वेलोवर आईची सक्ती होती. १९२६ मध्ये रोमच्या धर्मन्यायालयाने ते लग्न रद्द ठरवले. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. वहीत ‘सेटलमेंट’समोर मी ‘हुंडा’ लिहिले. अर्थ शोधायला शब्दकोश लागला नाही.