भागीदाराची निवृत्ती आणि पेढीचे मुखत्यारपत्र

1813 च्या सनदी कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची भारताच्या व्यापारातील मक्तेदारी मोडली आणि मुंबईच्या कोटात खासगी पेढ्या वाढू लागल्या. त्यांतले इंग्रज भागीदार चार पैसे गाठीशी बांधून मायदेशी परतत आणि त्यांच्या जागी धाकटे भागीदार येत. भागीदार बदलणे ही त्यामुळे नेहमीचीच बाब होती. प्रश्न पेढीच्या वतीने सही करणाऱ्या मुखत्याराचा असे. अधिकार देणाऱ्यांपैकी एक जण निघून गेला, तर मुखत्याराची सही परगावच्या व्यापाऱ्याने मानायची की नाही?

त्याचे उत्तर वर्तमानपत्रांतून दिले जाई. अमुक तारखेपासून अमक्याचा पेढीतील हितसंबंध व जबाबदारी संपली, अशी सूचना छापून येई. पेढीतर्फे सही करण्याचा अधिकार कोणाला दिला, हेही तशाच सूचनेतून कळवले जाई. हुंडीवर चालणाऱ्या देशी पेढ्यांची रीत निराळी होती. तिथे मुनिमाचा अधिकार कागदापेक्षा ओळखीवर उभा असे. अडत्याला त्याचे अक्षर ठाऊक असे आणि बदल झाला की पत्राने कळवले जाई. दोन्ही रीतींत खरे महत्त्व होते ते बातमी समोरच्यापर्यंत पोचण्याला.

1872 च्या भारतीय करार कायद्याने हेच तत्त्व कलमात बसवले. मुखत्यारी कशाने संपते हे कलम 201 सांगते: अधिकार काढून घेणे, मुखत्याराने तो सोडणे, काम पुरे होणे, दोघांपैकी एकाचा मृत्यू किंवा वेड लागणे, अधिकार देणाऱ्याची नादारी. भागीदाराची निवृत्ती या यादीत नाही. शिवाय पेढी ही कायद्याने भागीदारांहून वेगळी व्यक्ती नसते. पेढीचे नाव म्हणजे सर्व भागीदारांचे मिळून एक नाव. म्हणून जुने मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख करणे आणि उरलेल्या भागीदारांनी नवे लिहून देणे, हाच सुरक्षित मार्ग ठरला.

कलम 208 त्याहून मोलाचे आहे. अधिकार काढून घेतल्याचा परिणाम मुखत्यारापुरता त्याला कळल्यावर होतो आणि तिऱ्हाइतापुरता तिऱ्हाइताला कळल्यावर. मुंबईत कागद रद्द झाला, पण कराचीच्या व्यापाऱ्याला ते ठाऊक नसेल, तर त्याने मधल्या काळात केलेला सौदा पेढीला बांधून ठेवतो. कायद्याने इथे अजाण माणसाची बाजू घेतली, आणि ते योग्यच होते. मुखत्यारीचा विषय असलेल्या मालमत्तेत मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर मात्र कलम 202 प्रमाणे, तसा स्पष्ट करार नसताना, त्याला बाध येईल अशा रीतीने मुखत्यारी संपवता येत नाही.

निवृत्त होणारा भागीदार स्वतःच मुखत्यार असेल, तर अधिक जपावे लागते. निवृत्तीने त्याचा भागीदार म्हणून असलेला अधिकार जातो. वेगळ्या कागदाने दिलेली मुखत्यारी मात्र आपोआप गेली असे धरून चालत नाही. तो कागद नाव घेऊन रद्द करावा लागतो.

कागदाची भाषाही काटेकोर लागे. 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याप्रमाणे धंदा चालवण्याच्या, येणी वसूल करण्याच्या आणि देणी फेडण्याच्या सर्वसाधारण अधिकारात हुंडी स्वीकारण्याचा वा तिच्यावर पृष्ठांकन करण्याचा अधिकार येत नाही. 1882 च्या मुखत्यारपत्र कायद्याने मूळ लेख उच्च न्यायालयात ठेवण्याची सोय केली. अधिकार रद्द झाल्याचे माहीत नसताना सद्भावनेने पैसे चुकते करणाऱ्या मुखत्यारालाही त्याने संरक्षण दिले.

1 ऑक्टोबर 1932 रोजी भारतीय भागीदारी कायदा अमलात आला. कलम 32 प्रमाणे जाहीर सूचना होईपर्यंत निवृत्त भागीदार आणि उरलेले भागीदार तिऱ्हाइतांना एकमेकांच्या कृत्यांसाठी जबाबदार राहतात. मात्र तो भागीदार असल्याचे ज्याला ठाऊकच नव्हते, त्याच्यापुरता निवृत्त भागीदार सुटतो. नोंदणीकृत पेढीने ही सूचना निबंधकाकडे, शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या किमान एका देशी भाषेतील वर्तमानपत्रात द्यायची असते. इंग्रजी न वाचणाऱ्या सावकार-दुकानदारांचा विचार या तरतुदीत स्पष्ट दिसतो. कलम 19 नुसार, तशी रूढी नसेल तर, पेढीसाठी स्थावर मालमत्ता घेणे वा विकणे, दावा काढून घेणे किंवा वाद लवादाकडे नेणे हे भागीदाराच्या गृहीत अधिकारात येत नाही. अशा कामांसाठी निवृत्तीनंतरच्या नव्या मुखत्यारपत्रात त्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो आणि खाली उरलेल्या सर्व भागीदारांच्या सह्या घेतल्या जातात.