पोटातील गाठींची सुई-तपासणी (यवतमाळ जिल्हा)

पोटातील गाठीतून बारीक सुईने पेशी ओढून त्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची पद्धत. दवाखान्यात ‘एफएनएसी’ म्हणतात. जाड सुईने गाठीचा तुकडा काढल्यास ती बायोप्सी.

इतिहास : सुईने यकृतातून नमुना काढल्याची पहिली नोंद पॉल एर्लिख यांच्या नावावर (१८८३).

जिल्ह्यातील सोय : मुख्य केंद्र यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८९). पुढील कर्करोग उपचारांसाठी बरेच रुग्ण नागपूरला जातात.

कृती : आधी प्लेटलेट व रक्त गोठण्याचा काळ तपासतात. सोनोग्राफीत गाठ दिसत असताना २२ वा २३ गेजची सुई आत नेतात. खोल गाठीला पाठीच्या भुलीची लांब सुई चालते. भूल बहुधा लागत नाही. सुई गाठीतच पुढेमागे हलवतात आणि बाहेर काढण्यापूर्वी सिरिंजची ओढ सोडतात, नाहीतर पेशी सिरिंजमध्ये शिरून वाया जातात. नमुना काचपट्टीवर हलक्या हाताने पसरतात. काही पट्ट्या ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये बुडवतात, काही गीम्सा रंगासाठी हवेत वाळू देतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात थर पाहता पाहता वाळतो. म्हणून अल्कोहोलची बरणी रुग्णाच्या खाटेपाशीच हवी. अल्कोहोलसाठीच्या पट्टीवर पेशी वाळून फुगल्या की केंद्रक नीट वाचता येत नाही, आणि निदानाचा सारा भार केंद्रकावर असतो.

निदान : यकृतातील घातक गाठींत दुसरीकडून पसरलेला कर्करोग मूळ यकृत-कर्करोगापेक्षा अधिक आढळतो. पोटातील लसीकाग्रंथींचा क्षय सोनोग्राफीत कर्करोगासारखा भासू शकतो. पट्टीवर क्षयाचे जंतू दिसले तर गोळ्यांनी बरा होणारा आजार हाती लागतो आणि मोठी शस्त्रक्रिया टळते. या तपासणीचे मोल इथे सर्वाधिक. लिम्फोमाचा (लसीकाग्रंथींच्या कर्करोगाचा) प्रकार ठरवायला मात्र तुकडाच लागतो.

मुले : मुलांच्या पोटात नेहमी आढळणाऱ्या घातक गाठी म्हणजे मूत्रपिंडाची विल्म्स गाठ व न्यूरोब्लास्टोमा.

धोके : रक्तस्राव, क्वचित संसर्ग. सुई लावल्याने गाठ पसरते, ही भीती गावोगाव ऐकू येते. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत, पण ती विरळ. हायडॅटिड (कृमीमुळे होणाऱ्या, द्रव भरलेल्या) गाठीची शंका असल्यास सहसा सुई टाळतात, कारण द्रव सांडून तीव्र ॲलर्जी होऊ शकते. अशा गाठीत सुई टाळावीच का, याबाबत मतभेद आहेत. अहवालात कर्करोगाच्या पेशी न आढळल्या, पण सोनोग्राफीतील गाठ संशयास्पदच राहिली, तर सुई पुन्हा लावतात किंवा १८ गेजच्या सुईने तुकडा घेतात.